सज्ञान झाला, पण सातबाऱ्यावर कुठे आहे?

या पानावर मी एरवी बीजप्रक्रिया, हुमणी, पाचट असलेच विषय घेऊन येतो. आजचा विषय पिकाचा नाही, घरातला आहे. पण तो शिवारातूनच माझ्यासमोर आला, म्हणून इथेच मांडतो.

२०२५ च्या उन्हाळ्यात गावोगाव शेतकरी ओळख क्रमांक काढण्याची शिबिरे चालू होती. माझ्याकडच्या एका गावी मारुतीच्या मंडपात आम्ही टेबल मांडून बसलो होतो. साठी ओलांडलेले एक आबा दोन मुलांना घेऊन आले. थोरल्याचा क्रमांक निघाला. दुसरा मुलगा बावीस वर्षांचा, जन्मतः मूकबधिर. तो पुढे आला, आधार कार्ड टेबलावर ठेवले, मोबाईलही काढून ठेवला. सातबारा पाहिला तर त्याचे नावच नाही. दोन वर्षांपूर्वी घरातली वाटणी होऊन फेरफार झाला होता. तीन एकर थोरल्याच्या नावावर, दीड एकर आबांच्या स्वतःच्या.

मी विचारले, "आबा, ह्याचं?"

"ह्याचं थोरल्याच्यातच धरलंय साहेब. तोच सांभाळणार ना त्याला."

पोराला आमचे बोलणे ऐकू आले नाही, पण कळले असावे. त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवले, मग शिवाराकडे हात केला, मग पाठीवर पंप अडकवून फवारतात तशी खूण केली. मी मान हलवली आणि "पुढचा या" म्हणालो. रांग मोठी होती, सर्व्हर मधूनच बंद पडत होता. त्याने आधार कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि संध्याकाळपर्यंत मंडपाच्या खांबाला टेकून उभा राहिला.

त्या वेळी मला काही वाटले नाही, हे कबूल करतो. घरी जाताना वाटेत त्यांचेच रान लागले आणि मग वाटले. त्या रानात दारं धरतो तो, ठिबकच्या नळ्या धुतो तो, फवारणी करतो तो. मी स्वतः दोन वर्षे त्यालाच मात्रा लिहून देत आलो आहे. हो, लिहून. दहावीपर्यंत तो जिल्ह्याच्या ठिकाणी मूकबधिर विद्यालयात शिकला आहे, त्याला चांगले लिहिता-वाचता येते. फेरफाराची नोटीस चावडीवर लागते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते. त्या गावातल्या निम्म्या माणसांपेक्षा ती नोटीस त्याने नीट वाचली असती. पण नोटीस लागली आहे हे त्याला कुणी सांगितलेच नाही.

आता नाव नाही म्हणजे काय, हे शेतकऱ्याला मी काय सांगावे? नाव नाही तर ओळख क्रमांक नाही, क्रमांक नाही तर खात्याच्या योजनेचा अर्ज नाही. पीक कर्ज नाही, ठिबक नाही. तो भावाच्या रानातला बिनपगारी सालगडी झाला. सालगड्याला निदान पाडव्याला हिशेब तरी मिळतो.

"भाऊ सांभाळील की" हे वाक्य मी नोकरीत आल्यापासून शेकडो ओट्यांवर ऐकले आहे. म्हणणारा खोटे बोलत नसतो. भाऊही बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण भाऊ म्हणजे काही योजना नव्हे हो. उद्या भावालाच अपघात झाला तर? भावाची मुले मोठी होऊन वाटण्या मागू लागली तर? तेव्हा काकाचे दोन वेळचे ताट कुणाच्या हिश्श्यात घालायचे यावर भांडण होते, आणि बोल लागतो सुनेला. सुनेचा यात काय दोष? तिच्या लग्नाआधीच तुम्ही एका माणसाचा हिस्सा मोडून त्याच्या बदल्यात तिच्या गळ्यात जबाबदारी घातलीत, आणि तिला कुणी विचारलेही नाही.

कायदा काय म्हणतो ते बघा. मी कृषी पदविका केलेला माणूस आहे, वकील नाही, पण एवढे तर शोधून वाचले. हिंदू उत्तराधिकार अधिनियम १९५६ सालचा, त्याचे कलम २८. रोग, व्यंग किंवा शारीरिक दोष या कारणावरून कोणालाही वारसा नाकारता येत नाही, असे त्यात सरळ लिहिले आहे. म्हणजे ही सत्तर वर्षांची जुनी गोष्ट आहे, कालचे परिपत्रक नाही. पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. त्याच्या कलम १३ प्रमाणे दिव्यांगाला इतरांच्या बरोबरीने मालमत्ता धारण करण्याचा आणि वारशाने मिळवण्याचा हक्क आहे. मदत करणाऱ्याचा स्वतःचा स्वार्थ त्या व्यवहारात असेल, तर त्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हायचे, असेही तिथेच म्हटले आहे. आपल्याकडे होते नेमके उलट. ज्याला जमीन मिळणार, तोच बहिणीचे आणि अपंग भावाचे हक्कसोडपत्र एका गठ्ठ्यात करून आणतो आणि कुठे अंगठा करायचा तेही तोच दाखवतो.

तलाठी भाऊसाहेब, तुमचे पद आता ग्राम महसूल अधिकारी झाले, आमचेही नाव बदलून सहायक कृषी अधिकारी झाले. गावात अजून तुम्ही तलाठी आणि आम्ही कृषी सहायकच. असो. तुम्हाला विनंती एवढीच, की वारसाची किंवा वाटणीची नोंद समोर आली की विचारा, घरात आणखी कोण आहे? वरच्या खोलीत, गोठ्याशेजारी, आजीजवळ कोण आहे? तुम्ही गावचे, तुम्हाला माहीत असते. आंधळ्याला नोटीस कागदावर देऊन काय उपयोग, ती मोठ्याने वाचून दाखवा. बहिऱ्याला लिहून दाखवा.

काही जण म्हणतील, मूकबधिराचे ठीक आहे, पण ज्याला बुद्धीच कमी त्याच्या नावावर जमीन केली तर कुणीही दारू पाजून सही घेईल. ही भीती खरी आहे, तिला हसण्यासारखे काही नाही. पण त्यावर उपाय नाव काढून टाकणे हा नव्हे. पुष्कळ पालकांना ठाऊक नसते, की मूल अठरा वर्षांचे झाले की आई-बाप कायद्याने त्याचे पालक राहात नाहीत. मग ते मतिमंद असो की धडधाकट. बँकेत खाते अडते ते इथेच. यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, जिल्हाधिकारी तिचे प्रमुख असतात. बौद्धिक दिव्यांग, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात आणि बहुदिव्यांग, या चौघांसाठी तिथून रीतसर पालक नेमून मिळतो. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत त्या पालकाला मुलाच्या स्थावर मालमत्तेची यादी द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. म्हणजे जमीन मुलाच्या नावे, कसणार भाऊ, आणि हिशेबाला समिती. ओट्यावरच्या तोंडी वचनापेक्षा हे बरे की नाही? हा अर्ज आई-बाप हिंडते-फिरते असताना करा. अंथरुणाला खिळलेल्या बापाला जिल्ह्याच्या ठिकाणी कोण नेणार?

आता कामाचे. इथे मी थोडा माझ्या जागेवर आलो.

अठरा वर्षांपर्यंत मूल शाळेत असते. मोफत शिक्षणाचा हक्क कायद्याने सहा ते अठरा वर्षांपर्यंत आहे. निवासी शाळा असली तर राहणे, जेवण, सोबती सगळे तिथेच. मग एका जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन पोरगा घरी येतो आणि ओट्यावर बसतो. पहिला महिना सगळे कौतुकाने बोलतात. दिवाळीपर्यंत तो घरातल्या खाटेसारखा होतो, म्हणजे असतो, पण दिसत नाही. शाळेत शिकवलेले असते मेणबत्ती करणे, खडू करणे, कागदी पाकिटे करणे. गुरुजनांच्या कष्टाबद्दल मला आदरच आहे. पण आमच्या गावात मेणबत्ती घेतो कोण? लाईट गेली की प्रत्येकाच्या खिशात मोबाईलची बॅटरी आहे. त्या पोराला परत यायचे आहे ते शिवारात, आणि शिवारातले काम त्याला कुणी शिकवलेले नसते. शाळेला ते जमले नाही, आणि बापाने "राहू दे, त्याला होणार नाही" म्हणत हातातले खुरपे काढून घेतले.

म्हणून माझे म्हणणे, की अठरा वर्षे पूर्ण होण्याची वाट बघू नका. चौदा-पंधराव्या वर्षी सुट्टीला आला की त्याला एकेका कामाला लावून पाहा. काय जमते हे नुसते बसून ठरत नाही, करूनच कळते. माझ्या पाहण्यातली दोन-तीन उदाहरणे सांगतो.

एका गावात भाजीपाल्याची रोपवाटिका आहे. मालकिणीचा भाचा तिथे काम करतो, बौद्धिक दिव्यांग आहे, त्याला दहाच्या पुढे मोजता येत नाही. रोपाचा ट्रे ९८ कप्प्यांचा. त्याला ९८ मोजायची गरजच नाही, एका कप्प्यात एक बी, कप्पा रिकामा दिसला की बी टाकायचे. काम स्वतःच स्वतःची मोजणी करते. सुरुवातीला तो दिसेल त्या ट्रेला पाणी घालत बसायचा, मर रोगाने रोपे गेली. मावशीने त्याला हाकलले नाही. तिने पाण्याचे काम काढून घेतले आणि कोकोपीट भरणे, बी टाकणे, ट्रे झाकणे एवढेच ठेवले. सहा-सात महिने गेले. आता तो चुकत नाही. खरे सांगायचे तर तिसऱ्या ट्रेनंतर तुमच्या-माझ्यासारखा कंटाळतो आणि दोन-दोन बिया टाकतो, तो टाकत नाही.

दुसरे रेशमाचे. तुती आहे त्या घरात चौथ्या-पाचव्या अवस्थेतल्या अळ्यांना ठरल्या वेळी फांद्या टाकायच्या असतात. हे ठरल्या वेळेचे, रोज तेच, छपराखालचे काम आहे. पायाने अधू असलेल्या एका मुलीने रॅकची उंची कमी करून घेतली आणि ती बसून पाला टाकते. खर्च काय आला? दोन पाइप कापायची मजुरी.

मूकबधिर मुलाला विहिरीवर पाठवायला बाप घाबरतो, कारण मोटर कोरडी चालली तर आवाज ऐकू येणार नाही. बरोबर आहे. पण स्टार्टरमध्ये कोरडी चालली की मोटर बंद करणारे साधन बसवता येते आणि लाईट आल्याचा दिवा लांबून दिसेल असा लावता येतो. ऐकू येणाऱ्यांच्याही मोटरी जळतातच की. तो रात्री खाटेवर घोरत असतो, त्यालाही काही ऐकू येत नसते.

सगळेच जमेल असे मी म्हणत नाही. कडबा कुट्टी यंत्र, मळणी यंत्र यांच्यापाशी फिट येणाऱ्या मुलाला उभे करू नका, विहिरीच्या कठड्यालाही नको. याच मळणी यंत्रांनी आपल्या तालुक्यात धडधाकट तरुणांचेही हात नेले आहेत. आणि काही मुले अशी असतात की त्यांना आयुष्यभर भरवावे, धुवावेच लागते. त्यांच्या आईला मी रोपवाटिकेचा सल्ला देणार नाही. तिला विचारायचे ते हे, की तुम्हाला ताप आला त्या दिवशी कोण करते? घरातल्या आणखी कुणाला हे काम येते का? येत नसेल तर आजपासून दुसऱ्याला शिकवा.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना लागू. कामाचे पैसे त्याच्या हातात द्या. आठवड्याला शंभर द्या, पण हातात द्या. बाजारात त्याला स्वतः खर्चू द्या, फसू द्या एकदा. आपणही पहिल्या बाजारात फसलोच होतो. वीस वर्षांच्या माणसाने कधी नोटच हाताळली नाही, तर पंचविसाव्या वर्षी तो पैसे राखणार कसा?

कागदांबद्दल थोडक्यात. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला यूडीआयडी म्हणतात ते, काढून घ्या. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. लहानपणी काढलेले प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर मुदत बघा, काही प्रकारांत अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागते. मुदत संपलेला कागद घेऊन लोक तहसीलला हेलपाटे घालतात. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. ते पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात यावेत आणि पासबुक त्याच्याजवळ असावे. बऱ्याच घरांत पासबुक दादाच्या पेटीत असते.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी रागावू नये, पण पाच टक्के निधीबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. मार्च उजाडला की घाईघाईने भांडी नाहीतर घड्याळे आणली जातात, रांगेत फोटो निघतात, बिल मंजूर होते. पाच वर्षांत एकेका घरी पाच घड्याळे झाली तरी त्या पोराची वेळ काही बदलत नाही. त्याऐवजी ग्रामसभेत यादी वाचा, की या वर्षी अठरा पूर्ण करणारे किती जण आहेत? छोट्या गावात दोन-तीनच निघतील. त्यांना बोलवा आणि विचारा काय हवे. कुणाला दोन शेळ्या, कुणाला रॅक, कुणाला तालुक्याच्या आयटीआयला जायला तीनचाकी. रक्कम थोडी असेल तर यंदा एकाला, पुढच्या साली दुसऱ्याला. घड्याळे नकोत.

आणि विचारायचे ते त्याला, त्याच्या बापाला नव्हे. आमच्या बैठकीत मी हे नेहमी बघतो. मुलगा समोर बसलेला असतो आणि सगळे बापाकडे बघून विचारतात, "याला काय आवडतं?" मीही तेच करत होतो.

मुलींचे वेगळे सांगायला हवे. अपंग मुलीसाठी घरात एकच योजना असते, कुणीतरी बघून लग्न लावून द्यायचे. मग दुप्पट वयाचा बिजवर येतो, हुंडाही मागतो. तिच्या नावावर वीस गुंठे असते, हातात शेळ्या असत्या, तर तिने त्याला नको म्हटले असते, किंवा हवा तो निवडला असता. २००५ पासून मुलगी जन्मतः सहदायाद आहे. अपंग म्हणून तिचा हक्क कमी होत नाही, पण घरात मात्र तो दोनदा कापला जातो, एकदा मुलगी म्हणून, एकदा अपंग म्हणून.

पुन्हा त्या आबांकडे येतो. शिबिरानंतर मी तीन वेळा त्यांच्या ओट्यावर गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि विषय कांद्यावर नेला. दुसऱ्या वेळी थोरला मुलगा म्हणाला, "साहेब, मी त्याला कधी उपाशी ठेवलंय का?" खरेच ठेवले नव्हते, आणि मी त्याला तसे म्हणालोही. तिसऱ्या वेळी मी एकच हिशेब मांडला. बाप मुलाला शेतजमीन बक्षीसपत्राने देतो तेव्हा मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, बाकी किरकोळ खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात सांगतात. उद्या भावाने भावाला द्यायचे म्हटले तर बाजारभावाच्या टक्केवारीने भरावे लागेल. म्हणजे थोरल्याच्या मनात पुढे द्यायचे असेल तरी ते महाग पडणार. आबांच्या हातात अजून दीड एकर आहे. कायद्यापेक्षा हा हिशेब घरात लवकर पटला, आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही.

त्या वेळी धाकटा तिथेच बसला होता. मी सगळे वहीवर लिहून त्याच्यासमोर ठेवले. त्याने दोनदा वाचले आणि खाली लिहिले, "विहिरीचं पाणी कुणाचं?" आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात हा प्रश्न आला नव्हता. विहीर थोरल्याच्या तीन एकरांत आहे. मग बक्षीसपत्राबरोबरच विहिरीतल्या पाण्याच्या हिश्श्याचे आणि पाइपलाइनच्या वाटेचे लेखी करायचे ठरले. पाळी किती दिवसांची यावर दोघा भावांत चांगली वादावादी झाली, एक हातवारे करून, दुसरा ओरडून. शेवटी तीन दिवस आणि दोन दिवस असे ठरले.

दस्त झाला आहे. फेरफार अजून मंजूर व्हायचा आहे. परवा बाजारच्या दिवशी तो मला पंचायत समितीसमोर भेटला आणि खिशातून चिठ्ठी काढून दिली. ठिबकच्या अर्जाला काय काय कागद लागतात, असे विचारले होते. मी मागच्या बाजूला लिहून दिले, सातबारा सगळ्यात वर.